शाळेच्या नावे

येरमटोला
७ जुलै २०२४

प्रवीण,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही. पडून राहतं. मन झालं की वाच.

सांगायचं ते आधीच सांगते, म्हणजे तुझा राग एकदाच होऊन जाईल. परवा तालुक्याला जाऊन मी मृत्युपत्र केलं. शाळेमागची धानाची बांधी आणि हे घर माझ्यानंतर गावच्या शाळेला. मी आहे तोवर सगळं माझंच. बांधीत धान चुलतघरचे लटारूकाकाच लावणार, अर्धा मला देणार, जसं तुझे बाबा गेल्यापासून चाललं आहे तसं.

शाळेचा पट फार घसरला आहे. नाल्यापलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली लेकरं पावसाळाभर येऊ शकत नाहीत. असंच चाललं तर शाळा बंद करून मोठ्या गावच्या शाळेला जोडतील, असं शाळेतल्या दिव्यानी मॅडम म्हणतात. ती वाट जंगलातून जाते. त्याच वाटेवर उन्हाळ्यात मोहफुलं वेचणाऱ्या बाईला वाघानं नेलं, हे तुलाही कळलं असेल. माझ्यामागे हे घर असलं तर पलीकडची लेकरं पावसाळ्यात इथेच राहतील, आणि बांधीवर एखादी खोली होईल. जन्मभर अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळली, त्यामुळे दुसरं काही सुचलं नाही.

वकिलानं विचारलं, "मुलगा आहे ना? मग त्याला का नाही?" मी म्हटलं, "त्याला गाव नको आहे." त्यानं लिहायला घेतलं.

साक्षीला मॅडम होत्या आणि चैतूदादा होते. त्यांना देवाचं करणारा भुमक म्हणून गाव मानतं, म्हणून त्यांनाच नेलं. परतताना एसटीत ते मोठ्यानं म्हणाले, "बाई, तो वकील घडीघडी मृत्युपत्र मृत्युपत्र करून राह्यला होता. कोनाचा मृत्यू जी?"

"माझा, दादा."

"तुमी तं चांगल्या दिसून राह्यल्या!"

सगळी गाडी हसली. मीही हसले.

गाव सोडून जाताना तू म्हणाला होतास, तुले पोरापरीस गाव मोठं हाय. त्यावर मी आज भांडत नाही. सूनबाईला, रंजीताला आशीर्वाद सांग. इकडे सगळं ठीक आहे.

आई


१८ ऑगस्ट

प्रवीण,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण इथे एक गंमत झाली आहे.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर दिव्यानी मॅडमनी माईकवर सांगितलं, "आपल्या आशाबाईंनी शाळेच्या नावे मृत्युपत्र केलं आहे." टाळ्या वाजवा म्हणाल्या. लेकरांनी वाजवल्या. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बायांपैकी कोणीच वाजवल्या नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी लेकरं. संध्याकाळी सुकरी दारात आली. बिरजूची बायको, तिची दीपिका दुसरीत आहे. सुकरी उंबऱ्याच्या आत कधीही येते, त्या दिवशी अंगणातच उभी राहिली.

"बाई, आमच्या दीपिकेचं नाव हाय का त्याच्यात?"

"कशात गं?"

"त्या कागदात. शाळेच्या नावानं मृत्यू लिवला ना तुमी."

मी हसले. हसायला नको होतं. मग तिला खाली बसवून नीट सांगितलं, की मरणार मी, मिळणार शाळेला. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "शाळा म्हंजे कोन जी? भिंती तं मरत नाई. शाळा म्हंजे पोरंच ना?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, तोवर ती उठून गेली होती.

लटारूकाका चहाच्या टपरीवर म्हणाले म्हणे, "वयनीनं शाळेच्या नावानं मृत्यू करून ठेवला. का करता आता!" त्यांनी मुद्दाम म्हटलं असं मी म्हणत नाही. मृत्युपत्र म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक आहे, कारण त्यांच्या वडिलांनी केलं होतं, एवढंच लिहिते.

मॅडम म्हणाल्या, चार दिवसांत विसरतील. काळजीचं काही नाही.

एक विचारायचं होतं. पुढच्या दाराची कडी आतून पूर्ण बसत नाही. तू ती काहीतरी ठोकून बसवायचास. कशी?

आई


२५ ऑगस्ट

प्रवीण,

दीपिकेला ताप आला. आधी साधा वाटला. मग ती ओळखेना. बिरजू आणि चौघांनी तिला खाटेवर घालून नाल्यापलीकडे नेलं, तिथून गाडीनं दवाखान्यात. नाल्याला तेव्हा कमरेएवढं पाणी होतं. त्यानंतर इतका पाऊस झाला की आता कोणीच जाऊ येऊ शकत नाही. मॅडम पलीकडे अडकल्या. मोबाईलला रेंज नाही. पोरगी कशी आहे, कोणालाच माहीत नाही.

मेंदूत चढणारा हिवताप असेल. ह्या दिवसांत इकडे होतोच. अंगणवाडीत होते तेव्हा मी कित्येकांना रक्त तपासायला पाठवलं आहे. हे मी हातपंपावर सांगू लागले, तर बायांनी पाण्याचे गुंड अर्धे भरलेले तसेच उचलले आणि गेल्या. मंगरूची आई जाता जाता म्हणाली, "बाईले रोगाचं नाव बी पयलेच मालूम हाय."

आता मी पाणी दुपारी आणते, तेव्हा पंपावर कोणी नसतं. तेच बरं पडतं, रांग लागत नाही.

शाळेच्या दाराला कोणीतरी लिंबू आणि बिब्बे बांधले आहेत. शाळा तशीही बंदच आहे. काल सकाळी माझ्या उंबऱ्यावर राख पसरलेली होती. शेजारच्या चुलीतली वाऱ्यानं आली असेल. वारा नव्हता, पण येते कधी कधी.

तू म्हणशील, निघून ये. नाला उतरला तरी मी येणार नाही. आता गेले तर पळाली म्हणतील, आणि मग शाळेचं नाव कोणी घेणार नाही. आणि बोलवावं म्हटलं तर पोलीसही नाल्यापलीकडे आहेत.

कडीचं काही कळवलं नाहीस. मी आतून पाटा लावते. वजनदार आहे, चालतं.

हे पत्र इथेच राहील. वाट झाली की देईन.

आई


३१ ऑगस्ट

प्रवीण,

काल गाव बसलं. मलाही बोलावलं. लोक अर्ध्या गोलात बसले आणि मला बसायला पोतं दिलं. ते बाकीच्यांपासून लांब टाकलेलं होतं.

लटारूकाका फार गोड बोलले. "वयनी आमच्या घरची हाय. तिच्या मनात काई नसन. पन कागद हाय तं हाय. फाडून टाकावं."

मी म्हटलं, "भाऊजी, त्यात काय लिहिलं आहे ते तुम्ही तरी सांगा सगळ्यांना. तुम्हाला वाचता येतं."

"मले काऊन विचारता? तुमी लिवला, तुमाले मालूम."

"फाडला तर बांधी कोणाकडे राहील?"

"आता इथी बांधीची गोष्ट कुठून आली?" असं म्हणून त्यांनी लोकांकडे बघितलं, आणि लोकांनी मान हलवली. पोरगी मरून राह्यली आणि हिला बांधी दिसते, असं मागून कोणीतरी म्हणालं.

मी कागद दिला नाही. फाडला असता तर त्यात खरंच काही होतं असं झालं असतं. आणि नाही फाडला तर काय होईल, ते मी लिहीत नाही. करणीच्या संशयावरून जिवतीकडे, इकडे तिकडे काय काय झालं ते तू पेपरात वाचलं असशील. मी तर नुसतं बसल्या बसल्या लोकांचे हात बघत होते. ज्यांच्या पोरांना मी भात भरवला त्यांचे हात.

आज चैतूदादा आले. ते एकटेच उंबऱ्याच्या आत येतात. भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "बाई, लोक भेले हायत. भेलेला मानूस जनावरापरीस खराब. कागद मारबतीत देऊन टाका."

पोळा सोमवारी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे दारादारातल्या पळसाच्या फांद्या काढून गाव ओरडत शिवेबाहेर नेतं आणि फेकून येतं, ती मारबत तुला सांगायला नको. लहानपणी तूच सगळ्यांत पुढे असायचास. खोकला घेऊन जा, डास घेऊन जा. चैतूदादांचं म्हणणं असं, की मारबतीत रोगराई जाते, तसा कागद जाईल. फाडला असं होणार नाही. गावाची पीडा गावानंच नेली असं होईल, आणि माझ्यावर येणार नाही.

"दादा, तुम्ही साक्षीला होता. तुम्हाला माहीत आहे ना त्यात कोणाचं मरण आहे?"

"मले मालूम हाय. मी सांगतलं बी. पन माह्या अंगठ्याले कोन विचारते? म्हनतात, भुमकाले बी बाईनं बांधून टाकलं." मग खालच्या आवाजात म्हणाले, "पोळ्याच्या आंदी पोरीचं काई बरंवाईट कानावर आलं तं मी एकटा काई करू शकनार नाई. नाला भरून हाय, तेच चांगलं हाय."

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, फक्त तुला सांगते. कागद फेकला तरी मृत्युपत्र जात नाही. त्याची नोंद तालुक्याच्या कचेरीत आहे. वकिलानं हे मला सांगितलं तेव्हा चैतूदादा बाहेर तंबाखू मळत होते.

म्हणजे कागद देऊन मी गावाला फसवणारच आहे. पण भीतीपुढे हे फार छोटं वाटतं. आता पाटा लावते.

आई


३ सप्टेंबर

प्रवीण,

झालं.

पहाटेच आवाज सुरू झाला. आधी लांब, टोकाच्या घरांकडून. राई-रोग घेऊन जा गे मारबत. खोकला घेऊन जा गे मारबत. हिवताप घेऊन जा गे मारबत. ढोरांचं खुरकूत घेऊन जा. पोरांचे आवाज पुढे, मोठ्यांचे मागे. आवाज गल्लीत वळला आणि माझ्या अंगणासमोर येऊन थांबला. मारबत कोणाच्या दारात थांबत नाही. ती थांबली.

मग एका पोराच्या तोंडून आलं, "मृत्युपत्र घेऊन जा गे मारबत!" आणि सगळी पोरं तेच ओरडू लागली. त्यातला एकेक आवाज मला ओळखू येत होता. त्यांना 'म' मीच शिकवला आहे.

पाटा सरकवायला मला फार वेळ लागला. बाहेरच्यांना वाटलं, मी उघडणार नाही. दारावर फांद्या बसू लागल्या. आधी हळू, मग जोरात. मी आतून ओरडले, "येते आहे, येते आहे," पण ते त्यांना ऐकू गेलं नसावं.

दार उघडलं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत होता, तो पुढे केला. कोणी हातात घेईना. सुकरी पुढे आली. तिनं पळसाची दुबेळकी फांदी माझ्यापुढे धरली आणि मान वळवली. मी पिशवी त्या बेचक्यात अडकवली. मलाही बघवेना.

तेवढ्यात मागून एक आवाज आला, "कागदच काऊन? बाईले बी घेऊन चला शिवेवर."

कोण म्हणालं ते मी ओळखलं. लिहीत नाही.

पोरांचं ओरडणं थांबलं. एक-दोघं अंगणात पुढे आले. माझ्या पाठीला दार लागलं. दार आपोआप मागे गेलं आणि मी पडता पडता राहिले.

चैतूदादा मध्ये आले. काठी आडवी धरली. "मारबतीसंगं गेलेलं परत येत नाई," ते म्हणाले. "दाईच्या आंदी जिनं तुमची पोरं हातात घेतली, तिले फेकून येता? मंग जा. मी नाई येत. बिना भुमकाची न्या मारबत."

बिना भुमकाची मारबत कोणी नेत नाही. पुढे आलेले अंगणातून मागे सरले. मग एका लहान पोरीनं कंटाळून पुन्हा "माश्या घेऊन जा गे मारबत" सुरू केलं आणि गर्दी तिच्यामागून चालू लागली. लटारूकाका सगळ्यांत शेवटी गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

मी दिवसभर आत आहे. दार उघडं ठेवलं आहे. लावलं तर घाबरली म्हणतील.

आई


१९ सप्टेंबर

प्रवीण,

नाला उतरला. मॅडम आल्या. मागची पत्रं ह्याच्यासोबत एकदमच येतील, तारखा बघून वाच.

दीपिका वाचली. मारबतीच्या दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली होती, असं बिरजू सांगतो. आता चालते, थोडी लटपटते. ती बातमी गावात आली तेव्हा मी पंपावर होते. बाया तिथे आल्या, त्यांनी माझा गुंड भरून दिला आणि डोक्यावर ठेवला.

संध्याकाळी सुकरी घरात आली, अगदी चुलीपाशी. नव्या काकड्या आणल्या होत्या. म्हणाली, "बाई, तुमी कागद देला म्हनून माही पोर वाचली. आमचा राग नाई तुमच्यावर. होते मानसाच्या हातून."

मला सांगायचं होतं की पोर सलाईननं वाचली, डॉक्टरनं वाचवली. ती इतकी मनापासून बघत होती. मी काकड्या घेतल्या.

शाळा भरली आहे. पलीकडच्या टोल्यावरचीही येऊ लागली. मॅडम खुशीत आहेत, "बघा, विसरले ना सगळे!" विसरले नाहीत. त्यांनी मला माफ केलं आहे. ज्या गोष्टीसाठी माफ केलं ती मी केलेलीच नव्हती, हे आता कधीच कोणाला सांगता येणार नाही. पुढच्या पावसाळ्यात कोणाच्या पोराला ताप आला की गाव आधी माझ्या दाराकडे बघेल. हे घेऊन मी राहीन. राहता येतं.

पण मी मेल्यावरचं मला झेपत नव्हतं. कचेरीतून माणूस येणार आणि शाळेत उभं राहून सांगणार, आशाबाईंचं शाळेच्या नावे मृत्युपत्र आहे. मारबतीत फेकलेलं परत आलं. त्या दिवशी एक पोर वर्गात राहणार नाही, आणि समजवायला मी नसेन. मॅडमची तोवर बदली झालेली असेल.

म्हणून काल तालुक्याला जाऊन ते रद्द करून आले. वकील म्हणाला, "दुसरं करा. हवं तर त्याला इच्छापत्र म्हणा. दोन्ही एकच."

मी म्हटलं, "हा शब्द आधी का नाही सांगितलात?"

"कायद्यात फरक पडत नाही, बाई."

त्याच्याशी काय बोलायचं. शब्द बदलला तरी माझ्या हातचा कागद आता शाळेच्या दारात चालणार नाही, आणि मेलेल्या माणसाकडून तर ती शाळा काहीच घेणार नाही. आताच देऊन टाकावं, तर मी जेवणार काय आणि राहणार कुठे? आणि नवा कागद लपणारही नाही, लटारूकाका मी कुठे जाते, काय आणते ते बघत बसलेले असतात.

मृत्युपत्र नाही, म्हणजे माझ्यामागे घर आणि बांधी कायद्यानं तुझी. दुसरा वारस नाही. मला एवढंच सुचलं. तू दे. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, जिवंत माणसानं जिवंत हातानं. बक्षीस म्हण, दान म्हण, बाबांच्या आठवणीला म्हण. माझं नाव घेऊ नकोस. तुझ्या हातून शाळेनं घेतलं तर कोणी भिणार नाही. तू इथलाच आहेस आणि तुझ्यावर कोणाचा संशय नाही.

हे लिहायच्या आधी मॅडमनी त्यांच्या फोनवरून तुला लावला होता. तू उचललास. त्यांनी माझं नाव काढल्यावर तू म्हणालास, "मले त्या गावचं काईच नको," आणि ठेवलास. मॅडमना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, बघा, तुमच्या मनासारखंच आहे, त्याला नकोच आहे.

पण काहीच नको म्हणणारा माणूस एक तर देऊन टाकतो, नाही तर विकून टाकतो. लटारूकाका घ्यायला तयारच आहेत.

तू ह्यातलं काय करशील, हे आईला ठाऊक असायला हवं. रद्द केल्याच्या कागदावर सही करताना मी ते आठवून आठवून बघितलं. मला ठाऊक नाही. सही केली.

आई